गाऱ्हाण्यातलं नाव

दहिसर (पूर्व), ४ फेब्रुवारी २०२४

ती. आईंस,
सा. नमस्कार.

तुम्ही सुखरूप गावी पोचलात हे नंदूकडून कळलं. फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही आणि माझा फोन नितेश उघडून बघतो, म्हणून पत्र लिहितेय. निवांत वाचा.

गेल्या रविवारी बोरिवलीच्या हॉलमध्ये आपल्या ग्रामस्थ मंडळाची पूजा झाली. शेवटी राजारामभाऊंनी माईक घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. दरवर्षी घालतात, पावसापाण्याचं, मुंबईतल्या पोरांच्या नोकऱ्यांचं. यंदा तुम्ही त्यांच्या कानाशी लागलात आणि ते म्हणाले, "आणि आमच्या जानकीच्या थोरल्या सुनेच्या, श्वेताच्या कुशीत जो काय दोष आसात, तो दूर कर रे म्हाराजा!" दीडशे माणसं एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!" माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं. ते धरून मी तशीच उभी राहिले. मग हळदीकुंकवाला पाच सवाशिणींनी ओट्या भरल्या, त्यात मला कोणी बोलावलं नाही. हॉल पुसायला मात्र बोलावलं.

आई, दोष वगैरे काही नाही. मला पीसीओएस आहे. म्हणजे अंडाशयात दर महिन्याला अंडं पिकत नाही, त्यामुळे पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी तीन. दर दहा बायकांत एकीला तरी असतं, असं म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. वजन उतरवायचं आणि गोळ्या घ्यायच्या. पुष्कळ जणींना मूल होतं. मी दर मंगळवारी सकाळी सहाला जाऊन केसपेपरच्या लाइनीत बसते, तिथून परस्पर मालाडला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते.

आणि एक चांगली बातमी. नितेशचाही शुक्राणूंचा रिपोर्ट आला, एकदम नॉर्मल. वीस जानेवारीला तो धाकट्या नंदूला सोबत घेऊन लॅबमध्ये जाऊन आला. आमच्या लाइनीतल्या निम्म्या जणींचे नवरे तपासणीला येतच नाहीत. तो गेला, ह्याचंच मला अप्रूप आहे.

पुढच्या वेळी देवाला सांगायचं असलं तर माझं नाव घेऊ नका, एवढीच विनंती.

तुमची,
श्वेता

*

मु. पो. तळेवाडी, ता. कुडाळ
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. श्वेता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर चांगले आहे. आमच्या वेळी सातवीला असे अक्षर असते तर गुरुजींनी पाठ थोपटली असती.

देवाकडे मागायला लाज कसली? डॉक्टरणीपुढे झोपतेस ती चालते, आणि देवापुढे नाव घेतले तर एवढे झोंबले काय गो? लग्नाला पाच वर्षे झाली. मंडळात तुझ्यामागून आलेल्या सुनांची पोरे आता शाळेत जातात. लोक मला विचारतात, तुला नाही विचारत.

नितेशचा कागद चांगला आला म्हणतेस. यायचाच. माझ्या दोन्ही झिलांत खोट नाही. खोट कुठे आहे ते आता सरकारी कागदावरच आले, बरे झाले. उगीच संशयाला जागा नको.

ओटीचे मनाला लावून घेऊ नकोस. पोटुशा बायका असतात, त्या जपतात. तुझी वेळ येईल तेव्हा तुझीही भरू. भात कमी खा. कुळथाची पिठी पाठवते आहे.

आशीर्वाद,
सौ. नव्हे, आता नुसती जानकी

*

दहिसर, १२ जून २०२४

ती. आईंस,
सा. नमस्कार.

पिठी पोचली. मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. आता होतंय.

साडेसात किलो वजन उतरवलं. सकाळी दहिसर नदीच्या कडेने चालते, भात बंद केला. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, मग नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी सोनोग्राफी, अंडं वाढतंय का बघायला. म्युनिसिपालिटीत सोनोग्राफीची तारीख मिळते ती दोन महिन्यांनंतरची. अंडं काय दोन महिने थांबणार आहे? मी रोज दाराशी उभी राहून मावशींना सांगायचे, "मला आजच लागेल हो, उद्या उपयोग नाही." शेवटी त्यांनी मला ओळखायला सुरुवात केली. आता लांबूनच म्हणतात, "आली अंडेवाली."

आणि आई, अंडं बनलं. ओळीने चार महिने बनलं. शेवटचं अठरा मिलिमीटरचं. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. पण पाळी चारही वेळा आली. पाळी आली की मी दुकानात गिऱ्हाईकाला "वरची ओळ वाचा" म्हणते आणि मला स्वतःलाच ती दिसत नाही.

मॅडम म्हणाल्या, "अंडं बनतंय, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, मग अडतंय कुठे? आता दुर्बीण घालून आतूनच बघायला हवं." म्हणजे ऑपरेशन. ऑगस्टची तारीख देतायत. मला भीती वाटते. नितेशला म्हटलं, तुझी तपासणी पुन्हा एकदा करूया का, मॅडमना विचारते. तो म्हणाला, "एकदा झालंय ना! किती वेळा सिद्ध करू?" आणि जेवणावरून उठला.

तुम्हीच सांगा, करू का ऑपरेशन?

श्वेता

*

तळेवाडी, ३० जून २०२४

चि. सौ. श्वेता हिस आशीर्वाद.

कर. विचारतेस काय? फुकटात होते आहे, मोठे डॉक्टर आहेत. मला दोन्ही बाळंतपणांत कोणी विचारले नव्हते की भीती वाटते का.

नितेशाला पुन्हा तपासणीचे बोलू नकोस. बाप्या माणसाच्या मनाला ते लागते. एकदा कागद आला, संपले. उगीच त्याला त्या संडासात पुन्हा उभा करू नको.

आणखी एक सांगते, राग मानू नको. इकडे माणसे मला दुसऱ्या सोयरिकीविषयी विचारू लागली आहेत. मी अजून कोणाला काही बोललेली नाही. पुढच्या पूजेपर्यंत बघू. मीही माणूस आहे, मलाही नातवाचे तोंड बघायचे आहे.

ऑपरेशनला जाताना ग्रामदेवतेचा अंगारा उशाशी ठेव. सोबत पाठवला आहे.

जानकी

*

दहिसर, १ सप्टेंबर २०२४

ती. आईंस,
सा. नमस्कार.

ऑपरेशन झालं. पोटाला तीन भोकं आहेत, एक बेंबीत आणि दोन खाली. एका खाटेवर दोघी होतो. माझ्या खाटेवरची भांडुपची होती, ती रात्रभर माझ्या पायांशी अंग चोरून बसली. मला हसू आलं की टाके दुखायचे, म्हणून ती मुद्दाम काही बोलत नव्हती.

आत सगळं ठीक निघालं. नळ्या मोकळ्या आहेत. अंडाशयाला चार-चार ठिकाणी चटके दिले, त्याने अंडं आपणहून बनायला मदत होते. मॅडम म्हणाल्या, "तुझ्याकडून आता काहीच अडायला नको." तरी त्या कपाळाला आठ्या घालून माझा पेपर बघत राहिल्या.

संमतीच्या फॉर्मवर नितेशने सही केली. त्याचा हात इतका थरथरत होता की पहिली सही बिघडली, दुसरा फॉर्म आणावा लागला. पाच वर्षांत तो माझ्यासाठी इतका घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या एका गोष्टीसाठी मला सगळं सोसवलं.

तुमच्या दुसऱ्या सोयरिकीचं मी वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

श्वेता

*

तळेवाडी, २ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. श्वेता हिस अनेक आशीर्वाद.

सर्व नीट पार पडले हे वाचून बरे वाटले. जड उचलू नको. आता काय ती आनंदाची बातमी कळव.

इकडे आनंदाची बातमी आहेच. नंदूचे जमते आहे. मुलगी पिंगुळीची, दिशा नाव, बारावी झालेली, दिसायला उजवी. तिचा बाप फार चौकस. मुंबईतले पोर, व्यसने आहेत का, तब्येत कशी, थोरल्याला पाच वर्षांत मूल का नाही, हजार प्रश्न. शेवटचा प्रश्न मला असा लागला म्हणून सांगू! मी म्हटले, "थोरल्याकडचे दुखणे सुनेचे आहे. माझ्या नंदूचे म्हणाल तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात यंदाच तपासून झाले आहे, सहा कोटीचा आकडा आला, डॉक्टरसुद्धा चकित झाले." लगेच तारीख धरायला तयार झाला.

मे महिन्यात लग्न. तू थोरली जाऊ, तुझ्यावर सगळे काम येणार, तेव्हा तब्येत सांभाळ.

जानकी

*

दहिसर, १३ ऑक्टोबर २०२४

ती. आईंस,
सा. नमस्कार.

नंदूचं जमलं, आनंद झाला.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला समजली नाही. हॉस्पिटलात माझ्या केसपेपरला एकच रिपोर्ट जोडलेला आहे, वीस जानेवारीचा. त्यावर सहा कोटी असा आकडा आहे आणि नाव नितेशचं आहे. नंदूची तपासणी कधी झाली? त्याचं लग्न तर तेव्हा ठरलंही नव्हतं. अविवाहित मुलाला ही तपासणी कोण कशाला सांगेल?

माझाच काही गैरसमज होत असेल. नितेशला विचारलं तर तो चिडतो, म्हणून विचारलं नाही. तुम्ही मोठ्या आहात. काय ते नीट, सविस्तर लिहून कळवा, म्हणजे माझ्या मनातली शंका जाईल. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन.

तुमची,
श्वेता

*

तळेवाडी, २९ ऑक्टोबर २०२४

श्वेता,

तुझे पत्र वाचून तीन दिवस पेन हातात घेतले नाही. नंतर विचार केला, मी कोणाला भिते?

होय, बाटली नंदूची होती. नितेश तपासणीच्या आधी आठ दिवस जेवत नव्हता. म्हणाला, आई, नाही जमणार मला त्या संडासात, बाहेर माणसे दार ठोकतात, आणि कमी आले तर तोंड कुठे दाखवू. मीच सांगितले, भावाला ने. रक्त एकच आहे, आकडाही एकच येणार. नंदू आत गेला, नितेश बाहेर तुझा कागद धरून उभा राहिला. तिथे कोण तोंडे बघतो? एवढेच झाले. कोणाचा खून नाही केला.

मी आई आहे. माझा झील म्युन्सिपाल्टीच्या लाइनीत खाली मान घालून उभा राहिलेला मला बघवला नसता. बाई माणसाला सवय असते, सगळे उघडे टाकायची. पुढेमागे तुलाही मुलगा झाला म्हणजे कळेल.

आता हे पत्र वाचून चुलीत घाल आणि तोंड बंद ठेव. ह्यात तुझ्याच घराची अब्रू आहे. फार नाचलीस तर सोयरिकी मला कमी नाहीत.

जानकी

*

दहिसर, १० नोव्हेंबर २०२४

ती. आईंस,

चूल माझ्याकडे नाही, गॅस आहे. पत्र जाळलं नाही.

तुम्हाला लिहिण्याआधीच मी नंदूला गाठलं होतं. मालाडला त्याच्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाईकांसमोर विचारलं. तो मला ओढत गल्लीत घेऊन गेला. "वहिनी, शप्पथ, मला वाटलं एवढं काय त्यात! दादा म्हणाला, दोन मिनटांचं काम आहे. तुझं पोट फाडतील हे मला काय माहीत गं?" रडला बिचारा. पण उद्या तो शब्द फिरवील, नितेश त्याला फिरवायला लावील, आणि मला कोण विचारणार? म्हणून मला तुमच्या हातचं लिहिलेलं हवं होतं. भोळेपणाने विचारलं, तुम्ही तोऱ्यात लिहून दिलंत. अक्षर तुमचंही चांगलं आहे.

तुम्ही म्हणता, कोणाचा खून नाही केला. माझ्या पोटाला तीन भोकं पाडली, आई. त्या कागदावर विश्वास ठेवून पाडली. मॅडम कपाळाला आठ्या घालून शोधत होत्या, दोष कुठे आहे. दोष बाहेर बाकावर बसून माझ्यासाठी फॉर्मवर सही करत होता. त्याचा हात थरथरला तेव्हा मला माया वाटली होती. ह्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो. तुमच्या खोटेपणापेक्षा माझ्या त्या मायेचा.

दुकानाशेजारी झेरॉक्सवाला आहे. तुमच्या पत्राच्या दीडशे प्रती काढल्या आहेत, हॉलमध्ये खुर्च्या असतात तेवढ्या. एक जास्तीची काढली, ती पिंगुळीला दिशाच्या वडिलांसाठी. चौकस आहेत म्हणालात ना.

येत्या दोन फेब्रुवारीला मंडळाची पूजा आहे. ज्या माईकवरून माझं नाव घेतलंत, त्याच माईकवरून राजारामभाऊंनी नितेशचं नाव घ्यायचं. त्याच दीडशे माणसांपुढे. दोष सुनेचा नाही, मुलाचा आहे आणि तो आईने झाकला, असं गाऱ्हाणं घालायचं. तुम्ही समोर हात जोडून उभं राहायचं. नाहीतर प्रत्येक खुर्चीवर एक कागद ठेवलेला असेल.

नितेशला मी काही बोललेले नाही. तुम्हीही बोलू नका. त्याने हॉलमध्येच ऐकावं.

श्वेता

*

तळेवाडी, १५ डिसेंबर २०२४

श्वेता,

महिनाभर वाट बघितली की तुझे दुसरे पत्र येईल, राग उतरला म्हणून. आले नाही.

त्याच्या जिवाचे काही बरेवाईट झाले तर? मला हवे ते बोल, माझ्या नावाने गाऱ्हाणे घाल, मी म्हातारी आहे, मला काय. त्याला सोड. तुझे पाय धरते, हे मी लिहून देते आहे, ह्याचीही झेरॉक्स काढ.

जानकी

*

दहिसर, २४ डिसेंबर २०२४

ती. आईंस,

काढली.

श्वेता

*

तळेवाडी, ९ जानेवारी २०२५

श्वेता,

एकतीस तारखेच्या गाडीने येते. राजारामाशी बोलले आहे. तो आधी नको म्हणत होता. मी त्याला म्हटले, गेल्या साली तू माझ्या सांगण्यावरून खोटे गाऱ्हाणे घातलेस, ते आता तुझ्याही माथ्यावर आहे. तेव्हा कबूल झाला.

जानकी

*

दहिसर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
सा. नमस्कार.

पूजेच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही कोणाशी न बोलता गावी निघून गेलात. तुम्ही सगळ्यात पुढे उभ्या होतात, पण माईकवरचं तुम्हाला ऐकू येत नाही. तिथे काय काय झालं ते तुम्हाला कळलं नसणार. म्हणून लिहिते. कागदावर तुम्हाला सगळं नीट समजतं.

राजारामभाऊंनी आधी पावसापाण्याचं घेतलं. मग थांबले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "आणि म्हाराजा, आमच्या जानकीच्या थोरल्या झिलाक, नितेशाक, पोर नाय. गेल्या वर्षी ह्याच जागेर आमी सुनेचो दोष म्हणान गाऱ्हाणा घातला. ता खोटा होता. दोष सुनेचो नाय, झिलाचो आसा. त्येना आपली तपासणी भावाच्या बाटलीर भागवल्यान, आवशीन ता झाकल्यान, आणि बिनदोषी सुनेच्या पोटावर शस्त्र चालला. ही चूक पदरात घी, आणि त्येका तपासणीक जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

होय म्हाराजा म्हणायला कोणी तोंड उघडेना. मग पुढे बसलेली बारकी पोरं सवयीने ओरडली, "होय म्हाराजा!" त्यांच्यामागून एक-दोन बाप्ये, मग सगळा हॉल. गेल्या वर्षीपेक्षा मोठा आवाज होता, छताचे पंखे हलले असतील.

नितेश पाण्याचा जग घेऊन पंगतीच्या बाजूला उभा होता. त्याने आधी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागून कोणीतरी म्हणालं, "काय रे नित्या, बाटली पण उधारीवर?" आणि बाप्ये हसले. तो जग खाली ठेवून चपला न घालताच बाहेर गेला. नंदू त्याच्यामागे गेला नाही.

मग बायका माझ्याभोवती जमल्या. "बाय गो, आमका काय म्हायत!" गेल्या वर्षी ज्यांनी हॉल पुसायला लावला, त्याच मला ओटी भरायला ओढत होत्या. मी म्हटलं, टाके दुखतात, वाकता येत नाही. टाके कधीचे बरे झालेत.

आणि तुम्ही, आई, हात जोडून उभ्याच होता. गाऱ्हाणं संपलं, माणसं पंगतीला बसली, वाढप्यांनी भात फिरवला, तरी तुम्ही तशाच. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही की संपलं. मी बघत होते. मी येऊन सांगू शकले असते. मुद्दाम आले नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. त्या रात्री मला वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

झेरॉक्स मी अजून ठेवल्या आहेत.

श्वेता

*

तळेवाडी, १० मार्च २०२५

चि. सौ. श्वेता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र देवघरात ठेवले आहे. रोज वाचते. शिक्षा म्हणून वाचते.

नितेशाचे पत्र आले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला पत्र लिहिले. गाऱ्हाण्यानंतर तो एकटाच हॉस्पिटलात गेला, स्वतः बाटली दिली. आकडा दहा लाखाच्याही खाली आला. डॉक्टर म्हणाले, तिथल्या शिरा फुगल्या आहेत, छोटे ऑपरेशन आहे, तुमच्याच हॉस्पिटलात होते. सहा महिन्यांत आकडा वाढू शकतो. गेल्या साली आला असता तर तेव्हाच झाले असते, असेही म्हणाले. हे मी लिहिते आहे, तू लिहायच्या आधी.

संमतीच्या कागदावर बायकोची सही मागतात. तो तुला विचारायला धजत नाही. म्हणतो, श्वेता माझ्याशी बोलत नाही, मी पोटमाळ्यावर झोपतो, ती खाली झोपते. पोरी, तू जिंकलीस. मी हरले हे मी दीडशे माणसांपुढे दाखवले. आता सही कर. त्याच्यासाठी नको, तुझ्या होणाऱ्या लेकरासाठी कर. तुलाही मूल हवे आहे, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
जानकी

*

दहिसर, ६ एप्रिल २०२५

ती. आईंस,
सा. नमस्कार.

सही केली. ऑपरेशन मंगळवारी झालं. नितेश बरा आहे. चार दिवस पेज दिली, गोळ्या वेळेवर दिल्या. सही करताना माझा हात थरथरला नाही.

श्वेता

*

तळेवाडी, २१ एप्रिल २०२५

चि. सौ. श्वेता हिस अनेकोत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून रडले गो बाय. किती मोठ्या मनाची तू! मी तुला ओळखलेच नाही. नंदूचे लग्न होऊन जाऊ दे, मग मी तिकडे येऊन राहते, तुझ्या हातून काही काम करून घेणार नाही. जुनी लुगडी धुऊन ठेवली आहेत, मऊ आहेत, दुपट्यांना होतील. आता फक्त देवाने वेळ आणावी. झाले गेले विसरून जाऊ दोघी.

तुझी आई,
जानकी

*

दहिसर, १४ सप्टेंबर २०२५

ती. आईंस,
सा. नमस्कार.

तुम्ही पाच महिने वाट बघताय. दर पंधरा दिवसांनी नंदूकडून विचारताय, बातमी आहे का. आज देते.

नितेशचा नवा रिपोर्ट आला. दोन कोटी वीस लाख. ह्या वेळी बाटली त्याचीच होती, मी लॅबच्या दाराबाहेर उभी होते. माझी पाळी आता महिन्याच्या महिन्याला येते, गोळीशिवाय. अंडं आपणहून बनतंय. दोघांचे कागद पुढ्यात घेऊन मॅडम हसल्या, म्हणाल्या, "आता कशालाच अडकाठी नाही. जा, आणि तीन महिन्यांत पेढे घेऊन या."

अडकाठी मी आहे, आई.

ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली ती त्याला क्षमा केली म्हणून नाही. तो बिघडलेलाच राहिला असता तर तुम्ही म्हणाला असता, देवाची मर्जी. मंडळात म्हणाले असते, बिचाऱ्याच्या नशिबात नाही. मला ते नको होतं. त्याच्यात खोट नको, माझ्यात खोट नको, सरकारी कागद दोघांचेही चोख हवेत, आणि मूल नको. म्हणजे कोणाला देवावर ढकलता येणार नाही. तुम्हाला तर नाहीच.

पोटमाळ्याची शिडी मी काढून ठेवलेली नाही. तो रोज तिथून उतरतो, भांडी घासतो, माझा डबा भरतो, मला "माफ कर" म्हणतो. खरंच म्हणतो, ते मला दिसतं. रात्री परत वर जातो. मी त्याला बोलावत नाही.

मला मूल नकोय असं समजू नका. मला इतकं हवंय की दुकानात लहान पोरं चष्म्याला आली की त्यांच्या कानामागे काडी बसवताना मी मुद्दाम वेळ लावते. चौतिसावं लागेल मला. मॅडमनी सांगितलंय, फार थांबू नका. तरी मी थांबणार आहे. ह्यात माझंही जातंय, मला ठाऊक आहे. मोजून ठाऊक आहे.

येऊन राहू नका. लुगडी दिशाच्या बाळासाठी ठेवा, तिला द्या, ती चांगली मुलगी आहे. आणि यापुढे मी पाकिटातून लिहिणार नाही. पोस्टकार्ड टाकीन. पोस्टमन वाचेल, वाचू दे.

श्वेता

*

पोस्टकार्ड
दहिसर, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आईंस,
सा. नमस्कार.

अंडं अठरा मिलिमीटरचं होतं. काल पाळी आली.

श्वेता